सावडीची माणसं

"चहा सहा वेळा," हर्षलनं पाहुण्यांच्या अभिप्रायाचा हातातला कागद वाचला आणि पुढचा घेतला. "जेवण एक नंबर. बसायला बाज, पाठीला लोड. आणि इथं लिहिलंय, 'शेत पाहिलं, पण बाजेवरून.'"

यात वाईट काय, ते ओट्यावर बसलेल्या लंकाबाईला काही कळेना. बाज घरी विणलेली, लोडाला धुतलेली खोळ, चहात आलं. माणसाला आणखी काय लागतं?

"मावशी, हा ऐका. 'कांद्याचं रोप लावायला गेले, तर काकूंनी ते हातातून काढून घेतलं.'"

"मग! पाव्हणीबाईच्या हाताला चिखल लागू देऊ व्हय?"

"अहो, त्यासाठीच आल्या होत्या त्या!"

"हे बघा हर्षलभाऊ," लंकाबाईचा आवाज चढला, "दारी आलेल्या पाव्हण्याला कामाला जुंपलं तर गाव माझ्या तोंडात शेण घालंल. आमच्यात नाय तसली रीत."

हर्षलनं कपाळाला हात लावला. पोरगा गुणी होता. शहरातल्या माणसांना शेतावर घेऊन जाणाऱ्या नाशिकच्या एका कंपनीत तो कामाला होता. लंकाबाईची सून उज्वला हिनं त्याच्या मागं लागून लागून त्याला उंबरमाळला आणलं होतं. पिंपळगाव बसवंतपासून आठ किलोमीटर आत हे गाव, आणि गावात अकरा बायकांचा गट. शेत दाखवायचं, शेतात राबवायचं, चुलीवरचं खाऊ घालायचं हे गटाकडं. माणसं आणायची हे कंपनीकडं. दोघांची भागीदारी. पण कागदावर सही होण्याआधी दोन रविवार नमुन्याचे. त्यातला पहिला असा गेला होता, आणि तो घालवला होता खुद्द गटाच्या अध्यक्षीणबाईंनी, म्हणजे लंकाबाईनंच.

"पुढच्या रविवारी असेच कागद आले," हर्षल उठता उठता म्हणाला, "तर आमचे साहेब हायवेवरच्या रिसॉर्टशी करार करणार. तिथं पोहायचा तलाव आहे."

तो गेला. उज्वला काही बोलली नाही, पण घरातली सगळी भांडी बोलायला लागली. शेवटी तिनं परात आपटली आणि दारात येऊन म्हणाली, "म्हणजे आता पुन्हा टेंपो, आत्याबाई."

टेंपो म्हणजे काय, हे लंकाबाईला सांगायला नको होतं. द्राक्षाच्या हंगामात पहाटे पाचला बायका टेंपोत उभ्या राहून पिंपळगावच्या पॅकहाउसला जायच्या. दिवसभर गारठ्यात पेट्या भरायच्या आणि पोरं झोपल्यावर घरी यायच्या. उज्वलाची चार वर्षं त्यात गेली होती. धाकटी तर आईला रविवारचीच आई म्हणायची. हा करार झाला असता तर अकरा घरांतला टेंपो सुटला असता. आणि करार अडवला कोणी? आपण. तोही चहा पाजून पाजून! लंकाबाईला जेवण गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची फुलाबाई बांधावरून ओरडली, "लंके, तुझ्या कांद्याला कधी यायचं गं सावडीला? माझं चार दिस राहिलंय तुझं फेडायचं."

"ये की रईवारी," लंकाबाई म्हणाली. आणि दोन पावलं जाऊन जागच्या जागी उभी राहिली.

सावड. आज तू माझ्या वावरात, उद्या मी तुझ्या. त्यात मजुरी नाही की मानपान नाही. सावडीला आलेल्या बाईसाठी कुणी बाज टाकत नाही. रोप वाकडं लावलं तर तिला चार शब्द ऐकवतात, आणि दुपारी आपल्या पाटीतली भाकरी देतात. फक्त एक आहे, सावड फेडावी लागते. सासूची राहिलेली सावड सून फेडते, अशी उंबरमाळची रीत.

"उज्वला!" लंकाबाई तिथूनच ओरडली. "लाव त्या हर्षलभाऊला फोन. म्हणावं पाव्हणे नको पाठवू. पाव्हणं आलं की माझा हात चहाकडंच जातो. सावडीची माणसं पाठव!"

फोनवर हर्षलला आधी काही समजेना. समजल्यावर तो इतका हसला, की उज्वलानं फोन कानापासून लांब धरला.

रविवारी नऊला गाडी आली. चौदा जण उतरले. लंकाबाईनं बाज सकाळीच गोठ्याच्या मागं उभी करून ठेवली होती, डोळ्यासमोर नको म्हणून. नमस्कार केला न केला तोच तिनं प्रत्येकाच्या हातात रोपाची एकेक जुडी ठेवली.

"चपला बांधावर काढा. चार बोटं अंतर सोडायचं. मूळ चिखलात, शेंडा वर. आन् मागं मागं सरकायचं, न्हायतर लावलेलं तुडवाल."

वाफ्यात पाणी सोडलेलं, जानेवारीचा गारठा, पायाखाली बर्फासारखा चिखल. माणसं किंचाळली, हसली आणि बसली. लंकाबाईचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. साठीच्या एक बाई साडी खोचून उकिडव्या बसल्या, तेव्हा तिचे पाय आपोआप गोठ्याकडं वळले. फुलाबाईनं पदर धरून मागं ओढली. "बाजंकडं गेलीस तर तंगडं मोडीन!"

त्या बाईंचं नाव दीपमाला. नाशिकच्या एका बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेल्या. सगळ्यांत मन लावून त्याच काम करत होत्या आणि सगळ्यांत वाकडं त्यांचंच लागत होतं. एक रोप इकडं, एक तिकडं. लंकाबाईनं दोनदा गिळलं. तिसऱ्यांदा तिच्या तोंडून निघूनच गेलं.

"अगं बाई, कांदं लावतीस का रांगोळी काढतीस?"

अख्ख्या वाफ्यातले हात थांबले. हर्षलचा चेहरा पडला. उज्वलाच्या मनात आलं, गेला करार, बसा टेंपोत!

दीपमालाबाईंनी वर पाहिलं. मग आपल्या रांगेकडं पाहिलं. "रांगोळीही मला अशीच येते," त्या म्हणाल्या, आणि अख्खी रांग उपटून पुन्हा पहिल्यापासून लावायला बसल्या.

फुलाबाई जी हसायला लागली, ती थांबेचना. तिच्यामागं सगळा वाफा हसला. त्यानंतर लंकाबाईची जीभ सुटली ती सुटलीच. कुणाला 'हळू दाब, गळा नको आवळू रोपाचा', कुणाला 'फोन ठेव तो, कांदा काय पळून चालला व्हय?' दुपारी बांधावर बसून बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा. ताटं नाहीत, भाकरीवरच पिठलं. वाढणारी शेवटी जेवली. चहा दिवसभरात एकदाच झाला, आणि तोही कुणीतरी मागितला म्हणून.

चारला ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. दीड वाफा राहिला होता. कुणी उठलं नाही. त्यानं पुन्हा वाजवला.

"अहो थांबा की!" दीपमालाबाई चिखलातूनच ओरडल्या. "असं अर्धं टाकून येतात का?"

लंकाबाईनं मान फिरवली आणि पदर डोळ्यांना लावला. चौदा परकी माणसं तिच्या वावरात वाकली होती, आणि हाक मारूनही उठत नव्हती. असं तिच्या लग्नातसुद्धा कुणी तिच्यासाठी थांबलं नव्हतं.

हर्षलचे कागद या वेळी कोरे राहिले असते तरी चाललं असतं. प्रत्येकावर चिखलाचे अंगठे उठले होते. दीपमालाबाईंच्या कागदावर एकच ओळ होती. 'लंकाताई, आता तुम्ही माझ्याकडे कधी येताय?'

पुढच्या गुरुवारी नाशिकला कंपनीच्या ऑफिसात सह्या झाल्या. उज्वला करार मोठ्यानं वाचत होती. लंकाबाईनं मध्येच हात वर केला. "ते 'पर्यटक' लिवलंय ना, ते खोडा. तिथं 'सावडकरी' लिवा."

साहेबांनी हर्षलकडं पाहिलं. हर्षलनं मुकाट्यानं पेन काढलं. मग लंकाबाईनं सही केली, सावकाश, एकेक अक्षर रोप लावावं तसं. गटातल्या बाकीच्या दहा जणींच्या सह्या उज्वलानं आधीच घेऊन ठेवल्या होत्या.

खाली आल्यावर उज्वला बसस्टँडकडं निघाली. लंकाबाई उलटीकडं. तिच्या पिशवीतून रोपाच्या जुडीचे हिरवे शेंडे डोकावत होते.

"कुठं आत्याबाई?"

"त्या बँकेच्या ताईकडं. पत्ता घेतलाय हर्षलभाऊकडनं. सावड फेडायची हाय."

"अहो, त्यांनी ते गमतीत लिहिलं असंल!"

"सावड गमतीत नसती, पोरी."

दीपमालाबाईंना दारात दोघींना पाहून काय करू अन् काय नको असं झालं. सोफ्यावर बसवलं, पाठीला उशी दिली, पंखा लावला, पंखा बंद केला. पाणी, चिवडा, चहा. पुन्हा चहा. तिसऱ्यांदा त्या स्वयंपाकघराकडं वळल्या, तेव्हा लंकाबाई उठून उभी राहिली.

"बास! आता मी पण कागद लिवीन. 'घर पाहिलं, पण सोफ्यावरून.' काम सांगा, ताई."

दीपमालाबाई हसल्या. मग जरा थांबून त्यांनी गॅलरीचं दार उघडलं. आठ लांबट कुंड्या ओळीनं ठेवलेल्या, माती भेगाळलेली. "आमचे हे गेल्यापासून कुणी हात लावला नाही यांना. दोन वर्षं झाली."

लंकाबाईनं पदर खोचला, खुरपं मागितलं; ते नव्हतं, म्हणून उलथनं घेतलं. माती मोकळी केली, पाणी घातलं, जुडी सोडली. दोघी चौथ्या मजल्यावर उकिडव्या बसल्या. उज्वला दाराला टेकून बघत होती.

तिसरी कुंडी होत आली, तेव्हा दीपमालाबाईंनी मान तिरकी केली. "लंकाताई, राग मानू नका. पण तुमची रांग वाकडी होतेय."

दाराला टेकलेली उज्वला सरळ झाली.

लंकाबाईनं एक डोळा मिटून पाहिलं. खरंच, जरा वाकडीच होती. तिनं रोपं उपटली, चार बोटं मोजली आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतली.