पाय कुठे होते?

“तो टेप आधी पिशवीत घाला,” म्हातारी म्हणाली. “माझ्या पोराचं मोजण्यासारखं काही उरलेलं नाही.”

सिस्टरने मुकाट्याने टेप पिशवीत टाकला. लष्करी इस्पितळातला वॉर्ड सोडून तिला बरीच वर्षं झाली होती, तरी सगळे तिला सिस्टरच म्हणत. चिलखती गाडी सुरुंगावरून गेली तर आतली माणसं जगावीत कशी, याचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत ती आता काम करत होती. तिथले इंजिनिअर पुतळे बसवून गाड्या उडवून बघत. पण जी माणसं खरोखरच उडाली आणि तरी जगली, त्यांच्या घरी जाऊन विचारायचं काम हिच्याकडे. पाठ टेकलेली होती का? पट्टा लावलेला होता का? पाय कुठे होते?

खाटेवरचा मुलगा गाडीतला वायरलेसवाला होता. तिशीसुद्धा गाठली नव्हती. मांड्यांवर चादर ओढलेली, आणि गुडघ्यांपाशी तिचा आकार संपत होता.

“विचारा हो सिस्टर,” तो म्हणाला. “आईचं मनावर घेऊ नका. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेलीय. माझी कुठून जाणार?”

कुणी हसलं नाही. तोही नाही.

“पाय कुठे होते?” सिस्टरने विचारलं.

“गाडीच्या तळावर. आणखी कुठे ठेवणार? डोक्यावर?” मग तो तिच्याकडे बघत राहिला. “माझ्याआधी हे बऱ्याच जणांना विचारलं असेल ना?”

“हो.”

“ते काय म्हणाले?”

वॉर्डात असताना सिस्टर पुष्कळ खोटं बोलली होती. होईल सगळं ठीक, घरी जाल लवकर. इथे तिची जीभ वळेना.

“हेच म्हणाले. तळावर होते.”

“मग?”

“खाली सुरुंग फुटला की गाडीचा तळ वर फुगतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत. त्याला टेकलेलं जे असेल ते मोडतं. सीटला पट्टी टांगून पाय तिच्यावर ठेवले, अधांतरी, तर बहुतेक वेळा वाचतात. आमच्या लोकांनी उडवून उडवून खात्री केलीय.”

“कधी?”

“तू भरती झालास त्याच्या आधी.”

अहोजाहो कधी सुटलं, हे तिचं तिलाही कळलं नाही.

“आणि आता नव्या गाड्या निघाल्यात, त्यांत ती पट्टी आहे?”

सिस्टर पिशवीचा बंद आवळू लागली.

“बोला की बाई,” म्हातारी म्हणाली. “तोंडात काय धरलंय?”

“नाही,” सिस्टर म्हणाली. “नाही बसवली.”

वायरलेसवाल्याने भिंतीवर मूठ आपटली. भिंतीचं काही बिघडलं नाही, बोटांची सालं तेवढी निघाली. सिस्टरने सवयीने त्याचा हात धरला, तर त्याने झटकला.

“मला ती गाडी दाखवा,” तो म्हणाला.

जखमींना संस्थेच्या शेडमध्ये नेऊन ते कसे बसले होते हे दाखवून घेण्याची परवानगी सिस्टरला होतीच. दोन दिवसांनी ती त्याला घेऊन गेली, म्हातारीही आली. कारखान्यातून तपासणीला आलेल्या नव्या गाड्या रांगेने उभ्या होत्या, रंगाचा वास अजून ताजा होता. दोघा मेकॅनिकांनी त्याला मागच्या दारातून आत नेऊन वायरलेसच्या सीटवर बसवलं. त्याने खाली बघितलं. नुसता उघडा पत्रा.

त्याने खांद्यांवरून पट्टे ओढले, आवळले आणि कुलूप लावावं तसं बक्कल लावलं.

“आता मी उतरत नाही. पट्टी बसवा, मग उतरतो.”

मेकॅनिकांना वाटलं, थट्टा करतोय. मग वाटलं, डोकं फिरलंय. तासाभराने संस्थेचे मोठे साहेब स्वतः आले, वाकून दारातून आत डोकावले. माणूस वाईट नव्हता, आणि तीच पंचाईत होती.

“हे बघ, मला मान्य आहे,” साहेब म्हणाले. “शोध आमचाच आहे. पण शोधणं आमचं काम, बसवणं कारखान्याचं. ते म्हणतात, वजन वाढतं, वेळ जातो. गाड्या महिनाअखेर आघाडीवर पोचायच्यात.”

“माझ्या पायांचं वजन धरलं होतं का त्यात?”

साहेबांनी डोकं बाहेर काढलं. “सिस्टर, काढा त्याला. तुमचं ऐकेल तो.”

सिस्टर गाडीच्या दारात आडवी उभी राहिली.

“मी नाही काढणार,” ती म्हणाली. आवाज चढला तसे शेडमधले सगळे वळले. “दारोदार जाऊन मी जखमांवरच्या खपल्या काढायच्या, आयाबायांच्या शिव्या खायच्या, आणि तुम्ही म्हणायचं, वा, छान अभ्यास झाला! कशासाठी विचारते मी? पुढच्या घरी जाऊन पुन्हा तेच विचारायला? लाज वाटते मला त्यांच्या दारात उभं राहायची. तुम्हाला ते दार बघावं लागत नाही ना!”

“सिस्टर, आवाज खाली.”

“राहू दे वरच!” म्हातारीने दारासमोरच्या लाकडी खोक्यावर बसकण मारली. “आणि बघतेच, कोण हात लावतो माझ्या पोराला.”

कुणी लावला नाही. दुपार झाली. सिस्टरने त्याला पाणी दिलं, नंतर लघवीची बाटली दिली आणि पाठ करून दारात उभी राहिली. साहेब आपल्या खोलीत फोनवर ओरडत असलेले ऐकू येत होते. उन्हं कलल्यावर ते परत आले. कॉलर घामाने भिजली होती.

“थांबवल्या गाड्या. उद्यापासून पट्ट्या बसवायला घेतायत. माझा शब्द.”

 वायरलेसवाल्याने बक्कल सोडलं. मेकॅनिक पुढे झाले, तसा त्याने हात वर केला.

“तुम्ही नाही. साहेब उतरवतील.”

साहेबांनी कोट काढला, आत शिरले आणि त्याला पाठुंगळी घेऊन वाकत वाकत बाहेर आले. एरवी कुणीतरी हसलं असतं.

साहेबांनी शब्द पाळला, पाळता आला तेवढा. निम्म्या गाड्यांना पट्ट्या बसल्या, आणि वरून तातडीचा हुकूम आला. उरलेल्या होत्या तशाच गेल्या. सिस्टरने फोनवर ते सांगितल्यावर वायरलेसवाल्याने एक सणसणीत शिवी हासडली आणि फोन ठेवला. वरिष्ठांसमोर आवाज चढवल्याबद्दल सिस्टरची पुन्हा वॉर्डात बदली झाली. तिने ती मुकाट्याने घेतली. रागाने तिची झोप उडाली होती, पण रुग्णांना बेडपॅन कुणीतरी द्यायलाच हवी होती.

पावसाळा संपता संपता एका सकाळी वॉर्डात दोन जखमी जवान मुलं आणली. एकाच रस्त्यावर सुरुंगांवरून गेलेल्या, पाठोपाठच्या दोन नव्या गाड्यांतली. दोघं शेजारी शेजारी, औषधाच्या गुंगीत.

पहिल्याचं पांघरूण सिस्टरने पायाकडून उचललं. घोटे सुजून काळेनिळे झाले होते, एक टाच मोडली होती. तिने दोन्ही पावलं आपल्या तळहातांत धरली. गरम होती.

दुसऱ्या खाटेवरचं पांघरूण गुडघ्यांखाली सपाट होतं. ते तिने उचललं नाही. स्टूल ओढून ती त्याच्या उशाशी बसली. जाग आल्यावर त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते दुसऱ्या कुणावर सोडायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.