पोटातली खूण

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. जुनी म्हटल्यावर तुम्ही डगमगते पाय आणि फाटकी वेताची बैठक डोळ्यांसमोर आणाल. तसे काही नाही. मला पायच नाहीत. बर्च झाडाच्या एकाच जाड बुंध्यातून मला कोरून काढले आहे. खालचा भाग आतून पोखरलेला, मध्ये बसायला फळी आणि वर पाठ टेकायला अर्धा गोल. अंगात एक खिळा नाही. नॉर्वेतल्या टेलेमार्कच्या डोंगरउतारावर फुरुली नावाचे शेतघर आहे. तिथल्या बैठकीच्या खोलीत मी माणसांच्या कितीतरी पिढ्या पाहिल्या. मी स्वभावाने सोशीक आहे, पण या उन्हाळ्यात जे घडले त्याने माझाही संयम सुटला.

मला टल्लाकने घडवले. टल्लाक फुरुलीचा मालक नव्हता, कूळ होता. जंगलाच्या कडेला, फुरुलीच्याच जमिनीत, बाकेन नावाच्या खडकाळ तुकड्यावर त्याचे एका खोलीचे घर होते. त्या तुकड्याच्या बदल्यात मालक सांगेल ते काम करायचे. गवत कापायचे, लाकडे फोडायची, आणि मालकाला खुर्ची हवी झाली तर खुर्ची कोरायची. एका हिवाळ्यात त्याने मला कोरले. दिवसभराची मजुरी संपल्यावर उरलेल्या उजेडात तो माझ्या पाठीवर वेली काढायचा. हात थंडीने भेगाळलेले, पण पटाशी कधी घसरली नाही. सगळे झाल्यावर त्याने मला आडवी केली आणि माझ्या पोटाच्या पोकळीत आपली खूण कोरली. एक उभी रेघ, तिला दोन तिरक्या फांद्या आणि खाली एक गोल. तिकडे प्रत्येक घराची अशी वेगळी खूण असे. ज्यांना लिहिता येत नसे ते कुऱ्हाडीच्या दांड्यावर, पिंपावर, सगळीकडे ती काढत. आपली वस्तू ओळखता यावी, एवढाच हेतू.

पण टल्लाक माझ्यावर एकदाही बसला नाही. कुळाने दाराजवळच्या बाकावर बसायचे, अशी तिथली रीत होती. दार उघडले की बर्फाळ वारा आधी त्याच्या अंगावर यायचा. मालक मात्र माझ्यावर रेलून पाहुण्यांना म्हणायचा, "आहे का अशी खुर्ची दुसऱ्या कुणाकडे?" राबणारा बाकावर आणि मिशीला पीळ मालकाच्या!

आता नावाची गोष्ट ऐका, कारण सगळे रामायण त्यावरूनच झाले. तिकडे पूर्वी आडनाव माणसाचे नसे, जमिनीचे असे. जो फुरुलीवर राहील तो फुरुली. तो उद्या दुसऱ्या शेतावर गेला की त्या शेताचे नाव त्याला चिकटायचे. टल्लाकचा मुलगा आयविंद बोटीत बसून अमेरिकेला गेला. तिथे कुणीतरी विचारले, कुठला रे तू? तो म्हणाला, फुरुलीचा. झाले, तेच त्याचे आडनाव पडले. ही बातमी परत आली तेव्हा मालकाने माझ्या पाठीवर मूठ आपटली. "कुळाच्या पोराने माझे नाव चोरले!"

काही वर्षांनी त्या मालकाचे घराणेच संपले. फुरुली विकले गेले. पलीकडच्या खोऱ्यातून ओसमुंड नावाचा माणूस बायको, घोडा आणि एक भिंतीवरचे घड्याळ घेऊन आला आणि उंबरा ओलांडताच फुरुली झाला. त्याला मात्र कुणी चोर म्हटले नाही. मला तेव्हाही याचा राग आला होता, आजही येतो.

मधल्या काळात नव्या फॅशनच्या गुबगुबीत खुर्च्या आल्या आणि मला कोठारात बटाट्यांच्या पोत्यांशेजारी टाकले. उंदरांनी माझ्या पोटात संसार थाटला. ओसमुंडच्या नातवाशी लग्न होऊन बोरघिल्ड या घरात आली, तिने मला बाहेर काढले. तेव्हापासून ती दर नाताळच्या आधी मला आडवी करून आतून-बाहेरून धुते. तिचे उपकार मी विसरणार नाही. तिचा मुलगा सिग्ब्योर्न हा आजचा मालक. त्याने माझ्या अंगावरून कधी ओले फडकेसुद्धा फिरवलेले नाही, पण पर्यटकांना तो छाती फुगवून सांगतो, "माझ्या पूर्वजांनी ही आपल्या हातांनी कोरली." मित्रांनो, लाकडाला दात असते तर मी कचकन चावले असते.

या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या डाकोटाहून मार्लिस फुरुली नावाची साठीची बाई आली. आडनाव ऐकूनच सिग्ब्योर्नचा चेहरा फुलला. टेबलावर आंबट सायीची लापशी आली, वर वितळलेले लोणी. त्याने मार्लिसला मानाने माझ्यावर बसवले आणि तिचे फोटो काढले.

"बहीणच की तुम्ही माझी! बघा, नाकसुद्धा फुरुलीचंच आहे."

मार्लिस हसली. पणजोबांच्या वेळची जुनी खेडवळ बोली ती अडखळत बोलत होती. "माझे वडील अंथरुणाला खिळलेत. फार दिवस राहिलेले नाहीत. रोज एकच विचारतात, आपलं घर नक्की कुठं होतं गं? ते बघून सांगते म्हणून निघालेय."

"हेच ते घर! कुणाचे वंशज तुम्ही?"

"आयविंदचे. टल्लाकचा मुलगा. बाकेनचा."

सिग्ब्योर्नचा चमचा लापशीतच राहिला. "बाकेन? म्हणजे... कुळं?"

"हो, तसंच असेल."

"मग जरा घोटाळा झाला म्हणायचा. तुम्ही आमच्या घराण्यातल्या नाही. त्या लोकांनी नुसतं नाव उचललं." तो उठला. "तुम्ही जरा बाकावर बसता का? ही खुर्ची घराण्याची आहे. इतर पाहुणेही यायचेत."

बिचारी उठली. तिच्या मनातली सल मला फळीतून कळली. टल्लाकच्या घरातले माणूस पहिल्यांदा माझ्यावर बसले होते, आणि त्याला उठवले!

"निदान बाकेन दाखवाल?" तिने विचारले. "वडिलांना फोटो तरी नेते."

"तिथं आता काय आहे? गाड्या लावायला जागा केली. घराचे दगड भरावात गेले."

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली पर्यटकांच्या मोटारी उन्हात चकाकत होत्या. आता वडिलांना काय सांगायचे, हेच तिच्या चेहऱ्यावर लिहिले होते.

कोपऱ्यात बोरघिल्ड मोजा विणत बसली होती. तिने सुया मांडीवर ठेवल्या.

"सिग्ब्योर्न, कुणाचं घराणं म्हणालास?"

"आई, तू मध्ये पडू नकोस."

"मध्ये कुठली, मी कडेलाच बसलेय. तुझा पणजोबा घोड्यावर घड्याळ लादून आला तेव्हा त्याचं नाक कुठल्या खोऱ्यातलं होतं रे? ती खुर्ची आडवी कर."

"आता? पाहुण्यांसमोर?"

"तू नाही केलीस तर मी करते. कंबर मोडली तर उद्यापासून लापशी तूच ढवळ."

त्याने कुरकुरत मला आडवी केली. बोरघिल्डने मार्लिसला खूण करून जवळ बोलावले. मार्लिस गुडघ्यांवर बसली, माझ्या पोटात डोकावली आणि तिचा हात तोंडावर गेला.

"हा तर आमचा डाग आहे!"

"कसला डाग?" सिग्ब्योर्न म्हणाला.

"गुरांचा. डाकोटात आमच्या एकेका गाईच्या मांडीवर तापल्या लोखंडाने हाच डाग दिलेला असतो. पणजोबांपासून."

तिने फोनवर वडिलांना गाठले. उशीवर टेकलेला एक सुकलेला चेहरा दिसू लागला.

"बाबा, हे बघा."

"तुझं नाक दिसतंय."

"थांबा, फिरवते. आता?"

म्हाताऱ्याने डोळे बारीक केले. "ही आपली गाय तिकडं कशी गेली?"

"गाय नाही बाबा, खुर्ची आहे. फुरुलीतली. आयविंदच्या वडिलांनी कोरलेली."

मग म्हातारा म्हणाला, "म्हणजे घर सापडलं." आणि तो रडला. थोड्या वेळाने त्याने विचारले, "तो बसायचा का गं त्या खुर्चीवर?"

मार्लिसने बोरघिल्डकडे पाहिले. बोरघिल्डने मान हलवली आणि विणायच्या सुईने दाराजवळचा बाक दाखवला. "माझ्या सासऱ्यांनी सांगितलंय. कुळांनी तिथं बसायचं."

"मग तूही तिथंच बस, पोरी," फोनमधून आवाज आला. "कुणी सांगितलं म्हणून नाही. आपल्या माणसाची जागा आहे म्हणून."

मार्लिस बाकावर जाऊन ताठ बसली. बोरघिल्ड कॉफीचे दोन कप घेऊन तिच्या शेजारी टेकली. सिग्ब्योर्नचा चेहरा बिटासारखा लाल झाला होता. तो मला उभी करायला वाकला.

"राहू दे तशीच," बोरघिल्ड म्हणाली.

"आई, लोक काय विचारतील?"

"विचारू देत की. आणि तू खरं सांग."

मित्रांनो, जुन्या वस्तूला तेल लावणे, धूळ झटकणे ही निगा झालीच. पण ती नुसती पुसून ठेवू नका. ती कुणी घडवली आणि घडवणाऱ्याला कुठे बसवले, तेही विचारा. उत्तर ऐकून लाज वाटली तरी विचारा. आपले पूर्वज शोधायला निघालात, तर उंबऱ्याच्या आत बसलेल्यांबरोबर दाराशी बसलेल्यांनाही मोजा.

त्या दिवसापासून मी आडवीच आहे. आडव्या खुर्चीवर कुणाला बसता येत नाही, हे मला कळते, आणि त्याचे थोडे वाईटही वाटते. पण माझे उघडे पोट आता दाराजवळच्या बाकाकडे आहे. येणारा प्रत्येक जण आधी टल्लाकची खूण पाहतो. मग तो सिग्ब्योर्नकडे वळून विचारतो, "ही कुणाची?" आणि सिग्ब्योर्नला टल्लाकचे नाव घ्यावे लागते.