शिवाची पाटी

आट्यापाट्यांत भागोजीसारखा म्होरक्या अख्ख्या रत्नागिरीत नव्हता, आणि त्याच्याइतका तापटही कोणी नव्हता. खेळ तसा सोपा. राखेनं आडव्या पाट्या आखायच्या, प्रत्येक पाटीवर आपला एक गडी उभा करायचा, आणि समोरच्यांनी त्यांचा हात लागू न देता सगळ्या पाट्या ओलांडून परत यायचं, की झालं लोण. एवढंच. पण त्यापायी वाडीत ठरलेल्या सोयरिकी मोडल्यात, काय समजलात!

माणूस नुसता चालताना बघून भागोजी सांगायचा, हा अमक्या पाटीचा. आणि अशा माणसाला एकतीस सालच्या शिमग्याच्या तोंडावर सख्ख्या भाच्याची पाटी काही सापडेना.

भाचा म्हणजे धाकू, विधवा बहिणीचा, येसूबाईचा, धाकटा लेक. थोरला शिवा बोटीवर खलाशी होता. तो मागल्या साली समुद्रात गेला, प्रेतही हाती लागलं नाही. आणि आता ह्या धाकूलाही बोटीचंच वेड. शिमगा झाला की निघालोच, म्हणायचा.

"दादा, त्याला पाटी दे," येसूबाई भावापुढे रडली. "पाटी मिळाली की पोर हलायचं नाय. दोघांतला एक तरी ऱ्हाऊ दे माझ्यापाशी."

म्हणून भागोजीनं त्याला पहिल्या पाटीवर उभा केला, तर गडी त्याच्या बगलेतून निघून गेले. मधल्या पाटीवर ठेवला, तर ह्याला हूल कळेना. समोरचा सखाराम उजवीकडे झुकला की हा बापडा तिकडे धावायचा आणि सखाराम डावीकडून पसार!

"मेल्या, डोळे काय बाजारात विकलेस?"

धाकू हसायचा. मोठं गोड हसायचं पोर. "मामा, नाय जमत मला. मी आपला बोटीवरच बरा."

राहिली शेवटची पाटी. ती शिवाची. वाडीची रीत अशी, की खेळणारा मेला तर त्याचं दिवसकार्य उरकेपर्यंत त्याची पाटी कोणी धरायची नाही. आणि शिवाचं कार्य येसूबाईनं होऊच दिलं नव्हतं. आधी प्रेत दाखवा, म्हणायची. तेव्हा वाडी ती पाटी मोकळी सोडून खेळायची आणि हरायची.

"भाऊ गेला तर पाटी भावाची. त्यात विचारायचं काय?" भागोजी भडकला. विठू गुरव म्हणाला, आधी देवीला कौल तरी लावू. "तुझा कौल ठेव तुझ्यापाशी!" म्हणत भागोजीनं धाकूला दंडाला धरून तिथे उभा केला.

ऊन उतरलं होतं, कापलेल्या मळ्यात वारा नव्हता. पाटीवर पाय पडला मात्र, धाकूचं हसू गेलं. सखारामनं हूल दिली, धाकू ढिम्म. उलट त्यानं पाठ फिरवली, आणि न बघता डावा हात मागे टाकला तो थेट सखारामच्या छातीवर. दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचं तेच. गडी खुशीत आरडायला लागले. धाकू उजव्या हाताचा. डावखुरा होता तो शिवा.

"हात ओला हाय त्याचा," सखाराम छाती पुसत म्हणाला. "नि गार."

अहो, तिथेच खेळ थांबवायला हवा होता! पण खेळणाऱ्याला त्याची जागा सापडली, की म्होरक्याला दुसरं काही दिसत नाही.

घरी जाताना धाकू नेहमीसारखाच होता. "मामा, बरा खेळलो काय? मला कायच आठवत नाय बघ."

भागोजीनं त्याच्या डाव्या हाताकडे बघितलं. तरी तो म्हणाला, "झकास खेळलास. शिमग्याला तीच पाटी."

"मग ऱ्हातो मी," धाकू म्हणाला.

शिमग्याच्या सामन्यात शेजारच्या मिरजोळेकरांना एकही लोण मिळालं नाही. ढोल वाजले, वाडीनं भागोजीला खांद्यावर घेतलं. सगळे गडी पाट्या सोडून आले, धाकू येईना. तो रेघेवरच इकडून तिकडे सरकत होता, आणि त्याच्या पायाखालची कोरडी माती भिजून काळी पडली होती.

"धाकू, बास झालं रे बाबा!"

"म्होरक्या, लोण नाय दिलं बघ," तो म्हणाला.

धाकू त्याला मामा म्हणायचा. म्होरक्या म्हणून चिडवायचा तो शिवाच.

विठू गुरवानं ढोल बंद करवले. "आईला आणा. तिच्या हाकेला येईल. पण ज्याचं नाव घेईल तोच येईल, दुसरा नाय."

येसूबाई धावत आली आणि रेघेपाशी थबकली.

"येसू, धाकू म्हण," भागोजी म्हणाला. "लवकर म्हण गो!"

ती बघत राहिली. ती कलती मान, कमरेवरचा तो डावा हात. तिनं दोन्ही हात पुढे केले, तसा भागोजी ओरडला.

"येसू, नको!"

"शिवा," ती म्हणाली. "चल रे घरी. किती वाट बघायला लावलीस!"

पोरगा रेघ ओलांडून आला आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून उभा राहिला.

"धाकू!" भागोजी रिकाम्या मळ्याकडे तोंड करून ओरडला. "अरे धाकू!"

पार खाडीच्या अंगानं, बारीक आवाजात, कोणीतरी "मामा" म्हणालं.

पुन्हा हाक मारायला भागोजीनं तोंड उघडलं, तर त्यावर येसूबाईचा हात पडला. दुसऱ्या हातानं तिनं लेकाला घट्ट धरलं होतं.

"दादा," ती म्हणाली, "तुझ्या पाया पडते, त्याला बोलवू नको."