नवी आवृत्ती

त्याने ‘होय’ टाइप करून एंटर दाबलं आणि पडद्यावर इंग्रजी ओळी भराभर वर सरकू लागल्या.

“संपतंय का तुझं पाल्हाळ?” खिडकीजवळच्या खुर्चीतून वडिलांनी विचारलं.

“पडद्यावर खिडक्या-चित्रं उमटवणारं सॉफ्टवेअर बदलतोय, बाबा. तुमचं इतकं जुनं झालंय की त्यावर नवा ब्राउझर उघडत नाही. म्हणून तर आईने बोलावलं मला.”

“तुझी आई नळवाल्यालाही बोलावते. तोही असाच ऐटीत येतो, आणि गेल्यावर नळ गळतो.”

वडिलांचं सगळं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलं होतं. दुसऱ्याची चूक सापडली की त्यांचा चेहरा खुलायचा. मुलाला बढती मिळाली तेव्हा कंपनीच्या पत्रातले ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी लाल शाईने सुधारले होते. अभिनंदन करायचं मात्र राहून गेलं. निवृत्तीनंतर ते हट्टाने युनिक्सच्या घराण्यातली ही फुकट मिळणारी संगणक-प्रणाली शिकले. विकतची, म्हणे, अडाण्यांसाठी असते.

आणि मुलगा मोठ्या कंपनीचे सर्व्हर सांभाळायचा. त्याच्या लेखी हे यंत्र म्हणजे भंगार होतं, आणि त्यावर बसून अजून मुद्रितं तपासणं हा निव्वळ पोरखेळ. अलीकडे तर आई शेजारी बसून मजकूर मोठ्याने वाचायची. डोळ्यांआधी कानाला चूक कळते, असं वडिलांनी नवंच काढलं होतं. हेही एक खूळ, म्हणून त्याने सोडून दिलं होतं.

ओळी थांबल्या. त्याने यंत्र पुन्हा सुरू केलं. पंखा घरघरला, नेहमीची सुरावट वाजली आणि पडदा काळा झाला. काळाच राहिला.

त्याने जीभ चावली. नव्या आवृत्तीने जुन्या ग्राफिक्स कार्डाची साथ सोडली होती. तशी सूचना त्या ओळींत नक्की असणार. वाचायचा कंटाळा करून तो होय-होय म्हणत सुटला होता. आता हे वडिलांच्या तोंडून वर्षभर ऐकावं लागणार.

सुरावट ऐकून ते उठलेच होते. येऊन त्याच्या खांद्यामागे उभे राहिले, वाकले, चष्मा वर सरकवला.

“ह्यॅ! एवढ्यासाठी सगळी दुपार घालवलीस?”

“बाबा, एक मिनिट, ते...”

“रंग भडक केलेस. जत्रेतल्या पाळण्यासारखे. आणि खाली ही चित्रांची रांग कशाला? मी काय बालवाडीत आहे? आधीचं कसं सभ्य होतं.”

त्याची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. त्याने पडद्याकडे पाहिलं. काळ्या काचेत वडिलांचा चेहरा दिसत होता: भुवया चढवलेला, नाक मुरडलेला, निकाल देऊन मोकळा झालेला. नजर पडद्याच्या जरा उजवीकडे, भिंतीवर.

दारात आई उभी होती. टॉवेलने हात पुसता पुसता थांबलेली. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, अगदी थोडीशी, आणि टॉवेलची घडी घालू लागली.

“तोंडात मिठाची गुळणी धरलीस का?” वडील म्हणाले. “भडक आहेत की नाहीत?”

“आहेत,” तो म्हणाला. “जरा जास्तच भडक झालेत.”

“मग? मी सांगेपर्यंत तुला दिसत नाही?”

तो उठला. आवाज होऊ न देता त्याने आपली खुर्ची वडिलांच्या हाताशी सरकवली.

“नाही, बाबा,” तो म्हणाला. “नाही दिसलं.”