बाहेरून कुलूप

आर्णीजवळच्या त्या जिनिंगात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, बाया कामावर शिरल्या रे शिरल्या, की मुकादम शेडला बाहेरून कुलूप ठोकायचा. कोणी कापूस लपवून नेऊ नये म्हणे! मागच्या हंगामात ठिणगी पडून कापसाच्या ढिगानं पेट घेतला, तर किल्ली सापडेपर्यंत लालीबाईचा हात भाजून निघाला. तेव्हापासून कुलूप लागल्याचा आवाज आला की तिथंच राबणारी नलू हातातलं काम टाकून दाराकडं बघायची. तिला दुसरं काही नको होतं, फक्त दार उघडं पाहिजे होतं.

मग काय, बायांनी संप केला. अन् केला कधी, तर बाजाराच्या दिवशी! त्या दिवशी जिनिंग तसंही बंदच, म्हणजे मजुरी बुडायची नाही. वा रे संप! शेठनं हसत हसत चहा पाठवला. पुढं काळ्या फिती लावल्या, तर शेठनं त्यांच्यासोबत फोटो काढून घेतला.

"नाक दाबल्याबिगर तोंड उघडत नाही बाई," लालीबाई म्हणाली. "ऐन कापसाच्या गर्दीत बसू."

बसल्या. कापसाच्या गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली. दुसऱ्याच दिवशी शेठ स्वतः आला अन् त्यानं किल्ली नलूच्या हातात ठेवली. "घ्या नलूबाई. आता दाराशी तुमीच बसा." बायांनी टाळ्या पिटल्या अन् जिंकलो म्हणत आत गेल्या. नलूही हरखली, भोळी कुठली! मुकादमानं सांगितलं तसं तिनंच बाहेरून कुलूप लावलं.

दुपारी आतून कामावरची पोरगी पायल दार बडवू लागली. "मावशी, उघड ना वं. लय मळमळून राह्यलं मले."

नलू उठली, तर मुकादम आडवा आला. "शेठले इचारल्याबिगर उघडाचं नाही. उघडलं तर उद्यापासून तुमाले काम नाही."

नलूचा हात थबकला. घरात कमावणारी ती एकटीच. पायल हाका मारतेय आणि आपण किल्ली धरून नुसत्या उभ्या! तिला स्वतःचीच शिसारी आली. आत होती तेव्हा निदान कोंडणारा दुसरा होता.

तिनं मुकादमाला बाजूला सारलं अन् कुलूप काढलं. "निंघा वं बाहेर साऱ्या! मशीन बंद करा. शेठ नाही जिंकला, आपणच संपावरून लवकर उठलो."

कुरकुरत का होईना, बाया दारासमोर येऊन बसल्या. मुकादम शेठला फोन लावू लागला.

"आता कवा उठाचं?" पायलनं विचारलं.

"किल्ली देल्ली म्हणून नाही उठाचं," नलू म्हणाली. "दाराचा कडीकोयंडा उखडला, का मंग उठू."