सूर्यावरचा न हलणारा डाग

मी एक जुनी दुर्बीण आहे. मित्रांनो, हे ऐकून लगेच 'अरेरे' म्हणू नका. कीव करायचीच असेल, तर माझ्या गच्चीवर येणाऱ्या शहाण्यांची करा.

माझं भिंग एका कारागिराने हाताने घासलं. घासायचं, तपासायचं, पुन्हा घासायचं. "एवढं लक्ष माझ्याकडे कधी दिलं नाहीत," असं त्याची बायको म्हणायची. मग मला या महाविद्यालयाच्या गच्चीवर लोखंडी खांबावर बसवलं. सूर्याकडे थेट पाहायचं नसतं, म्हणून तेव्हाची मुलं माझ्यामागे पांढरा कागद लावायची आणि त्यावर पडलेल्या सूर्यबिंबातले डाग पेन्सिलीने उतरवायची. तेव्हा माझं फार कौतुक होतं.

पुढे खगोलशास्त्राचा पाच वर्षांचा जोड अभ्यासक्रम निघाला. पदवी आणि पदव्युत्तर पदवी, दोन्ही एका दमात. मुलं आली, सगळी हुशारच. पहिल्या दिवशी माझ्याबरोबर फोटो काढायची आणि मग पाच वर्षं खालच्या खोलीत संगणकापुढे बसून दुसऱ्या कुणीतरी घेतलेली निरीक्षणं चघळायची. उंटावरून शेळ्या हाकणारे नुसते! एकाने तर उलट्या बाजूने डोळा लावला आणि 'बिघडलीय ही' असा निकाल देऊन गेला. मग माझ्यावर ताडपत्री पडली. कबुतरांनी तिचं काय केलं ते सांगत नाही.

शेवटच्या वर्षाची एक मुलगी मात्र वर आली. वर्गात तिला डिंक म्हणत, कारण कशाला चिकटली की सुटत नसे. प्रकल्पासाठी ती रोज सकाळी सूर्याचे डाग उतरवू लागली. सूर्य स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे डाग दिवसागणिक सरकत. एक बारका डाग मात्र जागचा हलेना. तिच्या सरांनी जिना चढायची तसदी घेतली नाही, नुसत्या कागदांवरूनच हुरळले. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. न सरकणारा डाग सापडला म्हणून साऱ्या विभागात सांगून मोकळे झाले. सूर्य काय त्या एका डागापुरता थांबला होता?

तोंडी परीक्षेच्या आदल्या सकाळी मला सूर्यामागे फिरवणारी मोटर बंद पडली. कागदावरचं बिंब हळूहळू पुढे निघालं, त्याच्याबरोबर सगळे डागही निघाले. तो एक जिथल्या तिथे राहिला. डिंकने माझ्या मागच्या टोकाचं गंजून बसलेलं छोटं भिंग जोर लावून काढलं. त्यावर धुळीचा कण होता.

ती कठड्याला टेकून मटकन खाली बसली. दोन्ही पदव्या शेवटी एकदमच मिळायच्या होत्या. प्रकल्प बुडाला की दोन्ही लटकल्या. तिने आईला फोन लावला. "हे वर्ष तेवढं पार पाड बाई, तुझ्यामागे धाकटी आहे," आईचा आवाज मलाही ऐकू आला.

मग सर आले, पहिल्यांदाच, धापा टाकत. त्यांनी कण पाहिला.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," ते म्हणाले. "उद्या पदवी पदरात पाडून घे, मग बघू."

"सर, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?"

"तुझं वर्ष जाईल."

"माहितीये," ती म्हणाली आणि रडायला लागली. सर रुमालाने घाम पुसत खाली गेले. भिंग पुसायचं त्यांना सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी डिंकने कणासकट भिंग परत बसवलं, परीक्षकांना वर आणलं आणि स्वतःच मोटर बंद करून दाखवली. परीक्षकांनी तिची पाठ थोपटली आणि प्रकल्प नव्याने करायला सांगितला. पाठ थोपटायला काय जातं!

परवा तिच्या वर्गातली मुलं काळे झगे घालून माझ्याबरोबर फोटो काढायला आली. दोन पदव्यांच्या एका धन्याने माझ्या भिंगावर खुशाल अंगठा टेकवला. फोटो डिंकच काढत होती. सगळे गेल्यावर तिने मऊ कापडाने तो ठसा पुसला, मागे कोरा कागद लावला आणि पहिला डाग उतरवला.

मित्रांनो, सूर्यावरचे डाग मोजण्याआधी भिंग पुसत जा. तेवढंही जमत नसेल, तर निदान माझ्याबरोबर फोटो काढू नका.