वरच्या खाचराचा बांध

आमच्या डोंगरात खाचरं थंडीतही भरलेली ठेवावी लागतात. बांध वाळला की तडकतो, आणि तडकलेल्या बांधाला पुढचं पाणी पेलत नाही. हे मला शाळेनं शिकवलं नाही. शाळेत मी दोन हिवाळे गेले, तेही शेकोटीसाठी. पण सगळ्यात वरचं खाचर माझं, आणि त्याच्यासारखा बांध खालच्या चार गावांत कुणी घालून दाखवावा.

त्या आठवड्यात चेंगदू शहरातली एक बाई, थान नावाची, गावोगाव फोटो काढत आमच्याकडे येऊन उतरली. म्हणाली, "आजी, उद्या पाणी काठोकाठ हवं हं. ढग दिसले पाहिजेत त्यात."

"ढगच काय, तुझ्या नाकावरची पुटकुळीसुद्धा दिसेल," मी म्हटलं.

संध्याकाळी मी चिखलाची ढेकळं घालून जादा पाणी बाहेर सोडणारा सांडवा बुजवला. माझी सून न्यांगमी, पाच महिन्यांची पोटुशी, बघत उभी होती.

"आई, नका बुजवू. बांधाच्या मधल्या वळणाला वाम माशाचं बीळ आहे. कोपरापर्यंत हात जातो."

"तुझ्या माहेरी सगळे बांध दगडाचे. मातीचं मला सांगू नकोस."

रात्रभर पाऊस लागला. सकाळी घरात दोघीही नव्हत्या. खालून फोटो चांगला येतो म्हणून पाहुणीला घेऊन न्यांगमी खालच्या खाचरात उतरली होती. मी कुदळ घेऊन वर गेले. धुकं असं, की स्वतःचे पाय दिसेनात. मधल्या वळणाला बांधावर ओणवी होऊन बाहेरच्या अंगाला हात लावला. पाणी झिरपत होतं. ओंजळीत धरून डोळ्यांजवळ नेलं, तर गढूळ. नितळ पाणी नुसतं झिरपतं. गढूळ पाणी आतून बांध खातं.

बरोबर खाली त्या दोघी बोलत होत्या.

"न्यांगमी! बाजूला हो!"

"आले, आई, आले! आता काय चुकलं माझं?"

रोज सकाळी मी तिला अशाच हाका मारते, शिव्या घालायला. ती सरळ माझ्या आवाजाच्या रोखानं वर येऊ लागली. मागून पाहुणीचं हसणं. पायाखालची माती मऊ पडत चालली होती.

"येऊ नकोस! मागे फीर!"

"अहो, ये म्हणता की नको म्हणता?"

सांडवा उकरायला वेळ नव्हता. मग मी ओरडले, जे तिला सात वर्षांत कधी म्हटलं नव्हतं ते.

"तुझं खरं होतं! बीळ फुटतंय! मी चुकले गं, मी चुकले!"

मग चिखलात धावणारी पावलं, बाजूच्या दगडी पायऱ्यांकडे. मी तोल सावरत मागे सरले आणि वळण समोरून निघूनच गेलं. पाणी, मासे, माती, सगळं गडगडत खाली. त्या आवाजात मला माणसाचा आवाज ऐकू येईना. मी हाका मारत राहिले. उत्तर नाही. पुन्हा मारली. नाही.

"आहोत, आई." फार उशिरानं, पायऱ्यांवरून. "दोघी आहोत. तुम्ही हलू नका, मी येते."

दुपारी सगळ्या खाचरांना पाणी वाटून देणारा पाटाचा राखणदार आला. फुटलेला बांध बघून त्यानं विचारलं, "सांडवा कुणी बुजवला होता?"

न्यांगमी म्हणाली, "पावसात ढेकळं वाहून आली असतील."

"नाही," मी म्हटलं. "मी बुजवला."